न हाताळलेलं पिस्तूल

या विकांताला कोसबाडला घरी होतो. टेकडीवर रेंज जेमतेम, त्यामुळे ऑफिसचा फोन येत नाही :) म्हणून बरेच दिवस डोक्यात असलेला विषय लिहून टाकतो.

आधीच सांगतो, मी आयुष्यात पिस्तूल हातात घेतलेलं नाही. एनसीसीत .२२ रायफलने पाच गोळ्या झाडल्या, त्यातली एक बहुतेक शेजारच्याच्या टार्गेटला लागली. तरीही जॉन मोझेस ब्राउनिंग या माणसाच्या पिस्तुलांवर माझा जीव आहे. आणि मी एकटा नाही. जगभर असे वेडे आहेत, त्यातले कित्येक माझ्यासारखेच, कधीही हात न लावलेले.

का? कारण ते समजतं. त्याचं 'कोल्ट १९११' घ्या. गोळी सुटते तेव्हा नळी आणि वरची स्लाइड एकमेकींत अडकून दोघी थोड्या मागे येतात. तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते, आतला दाब उतरलेला असतो. मग एक छोटी कडी नळीची मागची बाजू खाली ओढते, अडक सुटते, स्लाइड एकटी मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते. स्प्रिंग तिला पुढे ढकलते आणि जाता जाता ती पुढचं काडतूस उचलून आत सारते. बस. १९११ च्या चाचणीत ६,००० गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही. अमेरिकन सैन्याने १९८५ पर्यंत तेच मुख्य पिस्तूल ठेवलं. नळी खाली झुकवायची ही युक्ती ग्लॉकसकट आजच्या बहुतेक मोठ्या पिस्तुलांत आहे. आमचा कोड दीड वर्षात कुणाला वाचवत नाही हो!

आणि पेटंटची गंमत. १९११ चे हक्क त्याने कोल्टला विकलेले, त्यामुळे बेल्जियमच्या कंपनीसाठी नवं पिस्तूल करताना त्याला स्वतःच्याच पेटंटना वळसा घालावा लागला. ते पूर्ण व्हायच्या आत, १९२६ मध्ये, लीएजच्या कारखान्यातच तो गेला. कोल्टची पेटंटं संपल्यावर दिउदोने सेव्हने ते पुरं केलं, १९३५ मध्ये 'हाय-पॉवर' नावाने बाजारात आलं. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. आपल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं ९ मिमी पिस्तूल त्याचंच भावंड. लष्करातल्या, पोलिसांतल्या लोकांनी ते वर्षानुवर्षं कमरेला लावलं. सामान्य माणसाला मात्र ९ मिमीचा परवानाच मिळत नाही, तेव्हा आपलं प्रेम हे असं लांबूनच.

मराठी घरांत 'ब्राउनिंग' हा शब्द तसा जुनाच. लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली, पेटीच्या चोरकप्प्यातून. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढे कान्हेरे, कर्वे, देशपांडे तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. मी शाळेत हे वाचलं तेव्हा कान्हेरेपेक्षा पिस्तुलाचंच कुतूहल जास्त वाटलं होतं. आता लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.

असो. शनिवारी रात्री ओट्यावर बसून बाबांना लॅपटॉपवर ॲनिमेशन दाखवत होतो. बाबा मास्तर होते, पण विहिरीवरचं इंजिन स्वतः खोलतात. दोन मिनिटांत गुंतले. "ही नळी खाली का उतरते?" मी खुशीत समजावलं. मग जरा वेळ गप्प. आणि म्हणाले, "तलवाड्याला हेच होतं काय रे?"

इकडच्या लोकांना तलवाडा सांगावं लागत नाही. वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांवर १० ऑक्टोबर १९४५ ला पोलिसांनी तिथे गोळीबार केला, पाच माणसं गेली.

मी पटकन म्हणालो, "नाही बाबा, पिस्तूल नसणार. रायफली असणार."

बोलून गेलो आणि मलाच कसंतरी झालं. बाबांनी मॉडेल विचारलंच नव्हतं. आम्हा शौकीन लोकांची ही खोड आहे. कुणी मेलेल्या माणसांविषयी बोललं की आम्ही कॅलिबर दुरुस्त करतो. 'यंत्र निर्दोष असतं' हे वाक्य मीही वापरलंय, आणि ते खोटं आहे असं मला आता वाटतं. पंपाला निर्दोष म्हणता येईल. पिस्तुलातली प्रत्येक कडी, प्रत्येक स्प्रिंग समोरच्याच्या अंगात गोळी जावी आणि लगेच दुसरी तयार असावी यासाठीच बसवलेली आहे. मला जे सुंदर वाटतं ते हेच काम सुंदर करतं. तरीही ते सुंदर वाटतं, ते मी नाकारणार नाही. नाकारलं तर तेही खोटंच.

हे सगळं बाबांना सांगायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी चष्मा पुसला आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"ते नळीचं परत दाखव. सावकाश."