बेवारस गाड्यांचा धनी कोण?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ मध्ये दहा तासांचा उल्लेख आहे. सार्वजनिक जागी एखादे वाहन दहा तास वा त्याहून अधिक काळ सोडून दिलेले आढळले, तर गणवेशातील पोलीस अधिकारी ते उचलून नेण्याचा आदेश देऊ शकतो आणि त्याचा सारा खर्च वाहनमालकाने सोसावयाचा, असे हे कलम सांगते. बेंगळुरूच्या राजाजीनगरात, जयनगरात किंवा इंदिरानगरच्या आतल्या रस्त्यांवर एक फेरी मारली तरी हे दहा तास किती लांबू शकतात याची प्रचिती येते. चारही चाकांतील हवा गेलेली, काचांवर बोटाने नावे लिहिता येतील एवढी धूळ साचलेली, टपावर दोन-तीन पावसाळ्यांचा पाचोळा वागवणारी मोटार आणि तिच्या आडोशाला सीट फाटलेली स्कूटर, हे दृश्य या शहराला नवे नाही. बहुतेकींच्या पाट्या ‘केए’च्या असतात, ‘एमएच’ पाटीही अधूनमधून दिसते आणि मराठी माणसाची पावले तिथे क्षणभर थबकतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बेंगळुरू महानगरपालिका इतिहासजमा झाली आणि ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाच्या छत्राखाली पाच महापालिका आल्या. नवी व्यवस्था आली की रस्ते मोकळे करण्याची भाषा होतेच. नोंदणीकृत वाहनांचा एक कोटीचा आकडा केव्हाच मागे टाकलेल्या या नगरीत ती व्हायलाही हवी. अशा मोहिमांत चर्चा होते ती उचललेल्या गाड्या ठेवायच्या कुठे याची. त्या उचलण्याचे, साठवण्याचे आणि मोडीत काढण्याचे पैसे कोणी द्यायचे, या प्रश्नाला मात्र ‘मालकाने’ असे एका शब्दाचे उत्तर देऊन फाइल पुढे सरकवली जाते. प्रश्न किरकोळ नाही. १७ एप्रिल २०१३ रोजी मल्लेश्वरम भागात झालेल्या स्फोटात बॉम्ब ठेवला होता तो रस्त्यावर इतर गाड्यांच्या रांगेत उभ्या केलेल्या, तमिळनाडूच्या पाटीच्या मोटारसायकलमध्ये. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटकाने डेंग्यू हा साथरोग म्हणून अधिसूचित केला आणि डासांची पैदास होऊ देणाऱ्या शहरी घरमालकाला चारशे रुपये दंड लावला. अंगणातल्या कुंडीखालच्या बशीत पाणी साचले तर दंड होणार. फाटकासमोरच्या धनी नसलेल्या गाडीच्या टायरात साचले तर तो कोणाला होणार, हे घरमालकाने कोणाला विचारायचे?

कायद्याचे उत्तर कागदावर स्पष्ट आहे. अडचण ‘मालक’ या शब्दात आहे. कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावे नोंदणी, तो मालक. गाडी आज कोणाच्या ताब्यात आहे, किल्ली कोणाच्या खिशात आहे, पैसे कोणी मोजले, याला दुय्यम स्थान आहे. ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट निःसंदिग्ध केली. मूळ मालकाने २००७ साली गाडी विकली होती, पुढे ती हातोहात फिरली, २००९ मध्ये तिने अपघात केला. तरी नोंदवहीत नाव पहिल्याच मालकाचे असल्याने भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. खटला अपघाताच्या भरपाईचा होता, हे खरे. तथापि मालकाची व्याख्या तीच असल्याने रस्त्यावर कुजणाऱ्या गाडीच्या खर्चाचा कागदही त्याच पत्त्यावर जाणार.

हा पत्ता कोणाचा असतो? बेंगळुरूत तीन वर्षांच्या नेमणुकीवर आलेल्या केंद्रीय सेवेतील अधिकाऱ्याचा असतो; सोलापूर, बेळगाव किंवा नागपूरहून नोकरीसाठी आलेल्या आणि पुढे पुण्याला परतलेल्या अभियंत्याचा असतो. बदलीचा हुकूम येतो, सामानाचा ट्रक ठरतो आणि शेवटच्या चार दिवसांत स्कूटर एजंटाच्या हवाली होते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी. वास्तविक कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यांतर्गत विक्रीची खबर चौदा दिवसांत आरटीओला द्यावयाची असते. ‘साहेब, ते मी बघतो,’ असे एजंट सांगतो आणि आपण विश्वास ठेवतो. ती स्कूटर पुढे तीन हात फिरते. शेवटचा धनी तिला एखाद्या उड्डाणपुलाखाली सोडून देतो. तोवर मूळ मालक दुसऱ्या राज्यात निवृत्तीची स्वप्ने पाहत असतो. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना नोंदणीकृत करून, गाडी त्यांच्या हाती असेपर्यंत त्यांनाच मालक मानण्याचे नियम केंद्राने १ एप्रिल २०२३ पासून लागू केले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण कोपऱ्यावरच्या एजंटाला या नियमांची कितपत धास्ती आहे, हे ज्याने त्याने अनुभवावे.

‘एमएच’ पाटीची कथा आणखी वेगळी. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर नव्याने नोंदणी हवी. त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्याचा कर आणि जुन्या कराच्या परताव्यासाठी हेलपाटे. परराज्यातील गाडीला तीस दिवसांनंतरच आजीवन कर लावणारी दुरुस्ती कर्नाटकाने २०१४ मध्ये केली होती. ती पुढे उच्च न्यायालयात टिकली नाही. २०२१ मध्ये ‘बीएच’ मालिका आली. बदलीच्या नोकरीतील माणसाला दर दोन वर्षांचा कर भरून देशभर एकच क्रमांक वापरता येऊ लागला. त्याआधीच्या हजारो गाड्या मात्र कागदांच्या त्रांगड्यातच अडकल्या. पंधरा वर्षे उलटलेल्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाले आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. ज्या गाडीचे भंगारातले मोल आणि कागदांचा खर्च यांत फारसे अंतर उरत नाही, ती झाडाखाली उभी करून विसरून जाणे हा मालकाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.

आता उचलणाऱ्याची बाजू पाहू. जानेवारी २०२२ मध्ये टोइंग पथकावरील पोलीस कर्मचाऱ्याने एका अपंग महिलेला मारहाण केल्याच्या चित्रफितीने बेंगळुरूत संताप उसळला आणि फेब्रुवारीत राज्य सरकारने टोइंगच थांबवले. संताप रास्त होता. परंतु त्या व्यवस्थेचा मूळ दोष क्वचितच बोलला गेला. कंत्राटदाराची कमाई उचललेल्या वाहनाच्या मालकाने भरलेल्या आकारावर होती. सोडवायला धावत येणारा मालक ज्या गाडीला आहे, तीच उचलणे त्याच्या फायद्याचे. दूध आणायला गेलेल्या माणसाची स्कूटर पाच मिनिटांत क्रेनवर चढते आणि शेजारची, तीन वर्षे न हललेली मोटार जागीच राहते, कारण तिच्यासाठी कोणीही पैसे घेऊन येणार नसते. खर्च मालकाकडून वसूल करण्याचे तत्त्व बेवारस वाहनालाच लागू पडत नाही, ही या कलमाची खरी विसंगती आहे. टोइंग पुन्हा कोणत्याही स्वरूपात आले आणि पैशाचे सूत्र हेच राहिले, तर क्रेन पुन्हा त्याच स्कूटरमागे धावतील.

संसदेने या विषयाला हात लावला तेव्हा काय झाले, तेही सांगण्याजोगे आहे. मोटार वाहन दुरुस्ती विधेयक लोकसभेत २३ जुलै २०१९ रोजी आणि राज्यसभेत ३१ जुलै रोजी संमत झाले. नितीन गडकरी यांच्या या विधेयकावरील चर्चेचा रोख दंडाच्या वाढलेल्या रकमांवर आणि राज्यांच्या अधिकारांवर होता. त्या गदारोळात कलम २०१ मधील एक बदल जवळजवळ कोणाच्या नजरेत भरला नाही. रहदारीला अडथळा होईल असे बंद पडलेले वाहन उभे ठेवणाऱ्याला पूर्वी तासाला कमाल पन्नास रुपये दंड होता. दुरुस्तीने ‘बंद पडलेले’ हा शब्द काढून सर्वच वाहने कक्षेत आणली, हे ठीक. परंतु ‘तासाला पन्नास’च्या जागी ‘पाचशे रुपये’ आले. जुन्या हिशेबाने दहा तासांतच पाचशे होत असत आणि वर्षभर अडून राहिलेल्या गाडीचे चार लाख अडतीस हजार. ‘त्या स्थितीत असेपर्यंत’ हे शब्द कलमात अजून आहेत. पण तासाचे माप गेल्याने त्यांना मोजणार कशाने? दंड वाढवणारा म्हणून गाजलेला हा कायदा, रस्ता सर्वाधिक काळ अडवणाऱ्यासाठी सौम्य झाला. जुना दंड तरी कोणी वसूल करत होते काय, असे कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्त आहे.

घटनेच्या सातव्या परिशिष्टाकडे पाहिल्यावर या घोळाचे मूळ सापडते. यांत्रिक वाहने समवर्ती सूचीत, वाहनकर राज्य सूचीत, पोलीस आणि स्थानिक स्वराज्य संस्थाही राज्य सूचीत. व्यवहारात कायदा दिल्लीचा, कर राज्याचा, उचलण्याचा अधिकार पोलिसांचा आणि गैरसोय महापालिकेच्या रस्त्याची. पैसा कुठे जमा होतो? कर्नाटकात पेट्रोल-डिझेल मोटारींवर किमतीनुसार १३ ते १८ टक्के आजीवन कर नोंदणीच्या वेळी एकरकमी घेतला जातो. आठ लाखांच्या मोटारीमागे लाखाहून अधिक. या कराच्या नावात ‘आजीवन’ आहे. गाडीचे आयुष्य संपल्यावर तिच्या अंत्यविधीसाठी त्यातला एक रुपयाही बाजूला काढलेला नसतो आणि ते काम येते त्या महापालिकेच्या गळ्यात, जिच्या हाती हा कर थेट पडत नाही.

इतर देशांनी हा पेच सुरुवातीलाच पैसे घेऊन सोडवला. नॉर्वेत १९७८ पासून गाडीच्या नोंदणीबरोबर ठेव घेतली जाते आणि ती अधिकृत भंगार केंद्रात जमा केली की रक्कम परत मिळते. त्याआधी तीन वर्षे स्वीडनने अशीच वाट धरली होती. जपानमध्ये २००५ पासून ग्राहक पुनर्चक्रणाचे शुल्क आधीच भरतो. युरोपीय संघाने २००० सालच्या निर्देशाने शेवटच्या मालकाकडून गाडी विनामूल्य स्वीकारण्याची व्यवस्था करून खर्चाचा भार उत्पादकांकडे वळवला. आपणही त्या दिशेने चाललो आहोत. २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याच्या अधिकृत केंद्रांचे नियम आले; अंमलबजावणी यंत्रणांनी जप्त केलेल्या वा सोडून दिलेल्या गाड्याही तिथे देता येतात. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाचे बंधन घातले, तर आयुर्मान संपलेले वाहन १८० दिवसांत जमा करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. पण जो मालक सापडत नाही त्याला १८० दिवस काय आणि १८०० काय!

भंगाराचा बाजार हे काम आपसूक करील, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. कोल्हापूरच्या माणसाला ‘गुजरी’ म्हटले की सोन्याची पेढी आठवते. बेंगळुरूत ‘गुजरी’ म्हणजे भंगार, आणि शिवाजीनगरची गुजरी त्यासाठी प्रसिद्धच आहे. तिथे जुन्या गाडीच्या प्रत्येक भागाला गिऱ्हाईक आहे. परंतु कागदाविना अख्खी गाडी घेऊन चोरीच्या मालाचा ठपका ओढवून घ्यायला शहाणा व्यापारी धजत नाही. म्हणून बेवारस गाडी अख्खी जात नाही, ती हप्त्याहप्त्याने जाते. आधी बॅटरी, मग चाके, मग आरसे. सांगाडा महापालिकेला उरतो, आणि त्याच्या लिलावात येणारे पैसे क्रेनचे भाडेही भागवतात की नाही, याची शंका असते.

एक गोष्ट अधिकारी वाचकांना रुचणार नाही, तरी लिहिणे भाग आहे. गाड्या कुजत ठेवणाऱ्यांत सरकार स्वतः मागे नाही. पोलीस ठाण्यांच्या आवारातील जप्त वाहनांचे ढीग बेंगळुरूत आहेत तसे ठाण्यात आणि नाशकातही आहेत. जप्त वाहने दीर्घकाळ ठाण्यांत ठेवण्यात अर्थ नाही, छायाचित्रे व पंचनामा करून त्यांची विल्हेवाट लावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ सालीच बजावले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने तर मुदतीच घातल्या: चौदा दिवसांत वर्णन, पुढे तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी एप्रिल २०२३ पासून नूतनीकृत होत नाही. कार्यालयाच्या मागच्या अंगणात टेकवलेल्या जीपगाडीचा ‘निर्लेखनाचा’ प्रस्ताव कोणाच्या टेबलावर आहे, हे संबंधित जाणतात. स्वतःचे आवार न झाडणाऱ्या यंत्रणेने नागरिकाच्या गाडीवर नोटीस चिकटवावी, हे शोभत नाही.

यास्तव आमच्या मते क्रम बदलायला हवा. गाडी आधी हलावी. नोटीस चिकटवून, नोंदणीकृत क्रमांकावर संदेश पाठवून, ठरावीक मुदतीनंतर. खर्च त्या क्षणी एका निधीतून व्हावा आणि वसुली मागाहून. हा निधी राज्याने आजीवन करातून उभारावा. नव्या नोंदणीत मोटारीमागे पाच हजार आणि दुचाकीमागे हजार रुपये ठेव म्हणून वेगळे काढले आणि अधिकृत केंद्राचे जमा-प्रमाणपत्र आणणाऱ्याला ते परत दिले, तर शेवटच्या धन्यालाही गाडी केंद्रापर्यंत ढकलत नेण्यात स्वारस्य वाटेल. कंत्राटदाराला दर हटवलेल्या बेवारस गाडीमागे याच निधीतून पैसे मिळावेत. नोंदणीकृत मालकाने विक्रीचा पुरावा दाखवला तर वसुली पुढच्या खरेदीदाराकडे वळावी. रिक्षा बंद पडली, दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून ती उभी आहे, अशा माणसाला मुदत आणि सुनावणी मिळालीच पाहिजे. त्याची रोजीरोटी आणि कोणाची तरी विसरलेली चौथी गाडी एकाच मापाने मोजता येणार नाही. ठेवीचा बोजा ग्राहकावर पडेल ही तक्रार येईलच. करातूनच ती काढली तर बोजा वाढत नाही, तिजोरीची आवक तेवढी घटते, आणि अर्थखात्याचा खरा विरोध तिथेच असेल.

वाहनकर राज्याचा विषय असल्याने यासाठी बेंगळुरूला दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. मुंबईलाही नाही. तोवर बदल्यांच्या हंगामात वाचकांनी एक करावे. सामानाचा ट्रक ठरवण्याआधी, पूर्वी विकलेल्या प्रत्येक गाडीचा क्रमांक ‘वाहन’ संकेतस्थळावर घालून पाहावा आणि नोंद अजून आपल्याच नावाशी जुळत असेल, तर त्या आरटीओला विक्रीच्या तारखेसह लेखी कळवून पोच जपून ठेवावी.