न पाहिलेल्या पेपराला गुण

ओहायोला मुलीकडे राहून आल्यापासून मला तिकडच्या कॉलेज फुटबॉलचा नाद लागला आहे. (नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात! असो.) खेळ मला मनापासून आवडतो. राग आहे तो हंगाम संपता संपता वाटल्या जाणाऱ्या 'ऑल-कॉन्फरन्स' मानाचा.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. गटातले संघ आपापसात खेळतात आणि शेवटी प्रत्येक जागेवरचे उत्तम खेळाडू निवडून कागदावरचा एक संघ जाहीर होतो. पहिला संघ, दुसरा संघ, कुठे तिसराही, आणि मग 'ऑनरेबल मेन्शन' म्हणून उरलेल्यांची बोळवण. मते देतात गटातले प्रशिक्षक, काही ठिकाणी पत्रकारही. प्रशिक्षकाला बहुधा स्वतःच्या पोरांना मत देता येत नाही. नियम चांगला आहे. पण दुसऱ्यांची पोरे त्याने पाहिलेली तरी असतात का?

आता बघा, 'बिग टेन' या गटात 2024 पासून 18 संघ आहेत. नावात दहा, हजेरीपटावर अठरा! गटातले सामने मात्र प्रत्येकाला 9 च. म्हणजे 17 प्रतिस्पर्ध्यांपैकी 8 जणांशी साखळीत गाठच पडत नाही. चित्रफिती असतात, मान्य. पण ज्याला शनिवारच्या सामन्याची विवंचना आहे तो प्रशिक्षक न भेटलेल्या आठ संघांच्या फिती रात्री जागून बघत असेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

आणि हा माझा नुसता संशय नव्हे. 2009 च्या जुलैत 'एसईसी' गटाची हंगामापूर्वीची यादी आली. (हो, एकही सामना होण्याआधीच मान!) फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक टिम टीबो, 2007 चा हाइसमन विजेता, एका मताने एकमतातून हुकला. पत्रकार प्रशिक्षकांना विचारत सुटले आणि शेवटी साउथ कॅरोलायनाच्या स्टीव्ह स्परियर यांनी कबूल केले की मत त्यांचे होते. मतपत्रिका त्यांच्या हाताखालच्या माणसाने भरली होती! चूक झाली म्हणाले, मत बदलले. हे स्परियर स्वतः 1966 चे हाइसमन विजेते, तेही फ्लोरिडाचेच. टीबोसारख्या जगप्रसिद्ध मुलाच्या बाबतीत हे होते, तर डावीकडच्या गार्डची काय कथा?

खरे दुःख त्या गार्डचेच आहे. चेंडू फेकणाऱ्याचे यार्ड मोजतात, धावणाऱ्याचे मोजतात. पुढच्या फळीतली पाच धिप्पाड पोरे अंगावर येणारा लोंढा अडवतात, त्यांच्या नावापुढे तसा आकडाच नाही. त्यांना जोखायचे तर बघावेच लागते. न बघता मत दिले की ते मत जिंकणाऱ्या संघाला किंवा गेल्या वर्षीच्या नावाला जाते. हरणाऱ्या संघातला चांगला गार्ड तसाच राहतो. ओहायो स्टेटचा टॅकल जॉन हिक्स 1973 साली हाइसमनच्या मतदानात दुसरा आला होता, पण आजवर एकाही टॅकलला ती ट्रॉफी मिळालेली नाही.

"एवढे काय, कागदी मान तो," असे म्हणणारे भेटतात. 2021 पासून या मुलांना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा आहे. तेव्हा यादीतले नाव आता नुसते भिंतीवर लावायचे प्रमाणपत्र राहिलेले नाही.

उपाय साधा आहे. ज्याला पाहिले नाही त्याची जागा कोरी सोडायची मुभा द्या, आणि प्रत्येक मतपत्रिका नावानिशी छापा. 'एपी'च्या साप्ताहिक क्रमवारीत कोणत्या पत्रकाराने कोणाला कितवे ठेवले ते उघड असते, मग प्रशिक्षकांनाच पडदा कशाला? त्यांच्यात वितुष्ट येईल म्हणे. येऊ द्या की! मी तीस वर्षे पेपर तपासले, प्रत्येकावर माझी सही असे, आणि पालक ती सही बघूनच भांडायला येत.