मिठाचा कण आणि मेघाचें बीज

आषाढ लागला कीं स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणीला पाणी सुटूं लागतें. झांकण नीट बसलेलें नसलें तर दोन-चार दिवसांत वरचा थर ओला होतो, आणि घरांतील वडील बायका त्यांत तांदळाचे दाणे टाकून ठेवण्यास सांगतात. याचें कारण असें कीं, मिठाला हवेंतील वाफेची ओढ आहे. हवेची आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं मिठाचा कण हवेंतून पाणी ओढून घेतो व त्या पाण्यांत स्वतःच विरघळतो. बरणींत जें घडतें तेंच तीन-चार हजार फूट उंचीवर घडलें म्हणजे ढगाचा आरंभ होतो.

शाळेंतील पुस्तकांत आपण एवढेंच वाचलेलें असतें कीं, वाफ वर जाते, थंड होते, आणि तिचे थेंब होतात. हें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. हवा सर्वस्वी निर्मळ असेल तर वाफेचा थेंब होणें फार कठीण. आर्द्रता शंभरावर न थांबतां तिच्या कित्येक पट चढावी लागते. निसर्गांत ती शंभराच्या वर एखादा अंशहि क्वचितच जाते. मग ढग होतात कसे? हवेंत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या आश्रयानें. फ्रान्समध्यें कूलिए यानें १८७५ सालीं, आणि स्कॉटलंडमध्यें जॉन एटकिन यानें त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, हें प्रयोगानें दाखविलें. कापसांतून गाळलेल्या हवेंत धुकें धरत नाहीं, न गाळलेल्या हवेंत तें तत्काळ धरतें. आम्हां कपाशीच्या मुलुखांतील लोकांस कापसाचा हा उपयोग ऐकून कौतुक वाटेल.

हा प्रयोग मुलांस घरींच दाखवितां येतो. पातळ पारदर्शक बाटलींत दोन चमचे कोमट पाणी घालावें, झांकण लावून ती जोरानें दाबावी व एकदम सोडावी. फारसें कांहीं दिसणार नाहीं. नंतर नुकत्याच विझविलेल्या काडीचा धूर आंत घेऊन पुन्हां तसेंच करावें. सोडतांक्षणींच आंत पांढरें धुकें भरतें, आणि दाबलें कीं नाहींसें होतें. दाब सुटला म्हणजे हवा फैलावून थंड होते. वर चढणारी हवाहि अशीच थंड होत असते.

कणाचा थेंब होतांना दोन शक्तींची ओढाताण चालते. थेंब जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग अधिक वक्र, आणि तितकें त्यावरील पाणी उडून जाण्यास उतावीळ. उलट पाण्यांत विरघळलेलें मीठ त्या पाण्यास धरून ठेवतें. या झगड्याचें गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ हिल्डिंग कोहलर यांनीं मांडलें. १९३६ सालचा त्यांचा निबंध आजहि या शास्त्राचा पाया समजला जातो. त्याचा निष्कर्ष असा: एका ठराविक आकारापर्यंत कण आर्द्रतेच्या मानानें फुगतो आणि तेथेंच थांबतो, तेव्हां आपणांस नुसतें धुरकट दिसतें. तो उंबरठा एकदां ओलांडला कीं मग वाफ मिळेल तोंवर तो वाढतच जातो. तोच मेघबिंदु.

हे कण येतात कोठून? समुद्राच्या फेसांतून उडालेलें मीठ, वाऱ्यावरची धूळ, चुलींतील पऱ्हाटीचा धूर, दगडी कोळशाच्या भट्ट्यांचा गंधकयुक्त वायु, हीं सर्व त्यांचीं माहेरें. मेघदूताच्या आरंभीं कालिदासानें ढगाचे घटक सांगतांना धूर, तेज, पाणी व वारा अशीं चार नांवें घेतलीं, त्यांत धूर पहिला. एवढ्यावरून प्राचीनांस हें सर्व शास्त्र अवगत होतें असें म्हणणें धाडसाचें होईल. पण निरीक्षण मार्मिक होतें खरें.

मग धूर जितका अधिक तितका पाऊस अधिक काय? येथेंच मेख आहे. मेघबिंदूचा व्यास मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, आणि पावसाच्या थेंबाचा सुमारें दोन मिलिमीटर. म्हणजे एका थेंबासाठीं दहा लक्ष बिंदु एकत्र यावयास हवेत. कण बेसुमार झाले तर तेवढ्याच पाण्याचे वांटेकरी वाढतात, बिंदु बारीक राहतात, एकमेकांस मिळत नाहींत, आणि उथळ ढग न बरसतांच विरून जातो. खाणारीं तोंडें वाढलीं व धान्य तेवढेंच राहिलें, तर कोणाचेंच पोट भरत नाहीं, तसें हें आहे.

कृत्रिम पावसाची युक्ति यावरूनच निघाली. महाराष्ट्र सरकारनें २००३, २०१५ व २०१९ सालीं असे प्रयोग करविले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें २००९ पासून विमानानें ढगांचा अभ्यास आरंभिला, आणि २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापुराकडे पद्धतशीर परीक्षा घेतली. कांहीं ढगांच्या तळाशीं कॅल्शियम क्लोराइडचे पाणी शोषणारे कण सोडले, तसलेच दुसरे ढग तुलनेसाठीं तसेच ठेवले. मोठे कण मोठे बिंदु धरतात व पाऊस लवकर जुळतो, ही त्यांतली कल्पना. जेथें बीज पेरलें तेथून वाऱ्याच्या पुढल्या अंगास सरासरी शेंकडा १८ इतका पाऊस अधिक पडल्याचें आढळलें.

हा लाभ क्षुल्लक नाहीं. परंतु तो ढग असतांना मिळणारा लाभ आहे. पुरेसा उंच, पाण्यानें भरलेला ढग आधीं पाहिजे. निरभ्र आकाशांत विमान कितीहि फिरविलें तरी आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? आमच्या राळेगांवासारख्या कोरडवाहू तालुक्यांत पेरणी साधली पण पावसानें ओढ दिली, म्हणजे जो तो विमानाची वाट पाहूं लागतो. त्या वेळीं घरांतील शिकलेल्या माणसांनीं हा भेद शेजाऱ्यास नीट समजावून द्यावा. विमान ढग आणीत नाहीं. आलेल्या ढगास फार तर हात देतें. म्हणून बांध, शेततळें व विहिरीचें पुनर्भरण हीं कामें त्याच्या भरंवशावर पुढें ढकलूं नयेत. दहा लक्ष बिंदूंनीं मिळून केलेला थेंब आपल्या शेतांत पडल्यावर तरी वाहून जाऊं न देणें, एवढें आपल्या हातीं आहे.