क्रिकेटचा गेम मागितला होता, सट्टा नव्हे

थोडं लांब लिहितोय. राज्यात एवढे प्रश्न असताना हा माणूस व्हिडिओ गेमवर काय लिहीत बसलाय, असं वाटलं तर आधी शेवटपर्यंत वाचा, मग शिव्या द्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी ज्या देशात भर बाजारपेठ ओस पडते, त्या देशाला जवळजवळ वीस वर्षांत आपल्या संघाचा एकही धड क्रिकेटचा गेम मिळालेला नाही. मिळाला तो क्रिकेटवरचा सट्टा. आणि वर्तमानपत्रं, चॅनेलं, मंत्री, शाळेतले सर, सगळ्यांनी मिळून या दोन्ही गोष्टींना एकच नाव देऊन टाकलं: गेमिंग.

आधी गेमबद्दल बोलू, कारण त्यावर माझी मतं पक्की आहेत आणि त्यासाठी भांडायची तयारीही आहे.

ईए स्पोर्ट्स या कंपनीने १९९६ ते २००६ या काळात क्रिकेटचे गेम काढले. तालुक्याच्या गावात सायबर कॅफेत तासाला दहा रुपये देऊन माझ्या वयाच्या पोरांनी जे खेळलं ते हेच. २००२ चा गेम मला कधीच आवडला नाही. खेळाडू लाकडी बाहुल्यांसारखे, आणि फिल्डर चेंडूकडे असा बघायचा की जणू तो शेजाऱ्याचा चेंडू आहे. २००४ चा त्यापेक्षा बरा, स्पर्धा भरपूर होत्या, पण बॅटिंगला मजा नव्हती. २००५ चा दिसायला देखणा, खेळायला मात्र तीच रडारड.

मग नोव्हेंबर २००६ मध्ये 'क्रिकेट ०७' आला. ॲशेस होती, कसोटी होती, ट्वेंटी-२० होतं, कॉमेंट्रीला रिची बेनॉ आणि मार्क निकोलस. आमच्या पिढीने या गेमला देव्हाऱ्यात बसवलंय. मी नाही बसवणार. चेंडू कुठे टप्पा घेणार त्याचा ठिपका खेळपट्टीवर आधीच दिसतो. एकदा पुढे येऊन उचलायचं तंत्र जमलं की कुठल्याही बॉलरला षटकात चार-पाच सिक्सर बसतात. समोरचा कॉम्प्युटर तीच चूक दहादा करतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऑस्ट्रेलिया-इंग्लंडचे खेळाडू खऱ्या नावाने, आपल्या खेळाडूंची नावं मात्र परवाना नाही म्हणून मोडूनतोडून टाकलेली. क्रिकेटचा सगळ्यात मोठा बाजार आपला, आणि आपलेच खेळाडू टोपणनावाने खेळताहेत!

त्याच काळात कोडमास्टर्सची ब्रायन लाराच्या नावाची मालिका होती. २००५ आणि २००७ चे दोन्ही गेम टीव्हीवर मॅच बघितल्यासारखे वाटायचे. माझ्या मते बॉलिंगची खरी मजा त्यात होती. आमच्याकडे ते फार पसरले नाहीत, एवढंच. कोडमास्टर्सनेही २०१० नंतर क्रिकेट सोडलं. मग २०१३ साली ॲशेसच्या नावाने एक गेम दुसऱ्याच कंपनीने विकायला काढला. तो इतका वाईट निघाला की काही दिवसांत बाजारातून परत घेऊन लोकांचे पैसे परत करावे लागले. ही क्रिकेटची पत!

२०१४ मध्ये मेलबर्नच्या बिग ॲन्ट कंपनीने 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' आणला. '०७'चे भक्त चिडतील, पण क्रिकेट म्हणून बघाल तर या सगळ्या यादीत पहिला नंबर याचा. कॅमेरा फलंदाजाच्या पाठीमागे. एका काडीने पाय हलवायचे, दुसरीने बॅट. सुरुवातीला पंधरा-वीस धावा करायला घाम फुटतो. उगाच पुढे आलात की यष्टीचीत. ऑफस्टंपच्या बाहेरचा चेंडू सोडून देणं हाही एक फटका आहे, हे शिकवणारा मी पाहिलेला हा पहिला गेम. परवाने त्यांच्याकडेही जवळपास नव्हते. पण त्यांनी खेळाडू घडवायची सोय दिली आणि लोकांनी बनवलेले खेळाडू एकमेकांना देता यायची सोयही दिली. जे काम बोर्डाने करायचं ते चाहत्यांनी फुकटात केलं.

पुढे त्याच कंपनीचे क्रिकेट १९, २२, २४ आले. चेहरे सुधारले, मैदानं सुधारली, किंमत वाढली. यातला १९ मला सगळ्यात समतोल वाटतो. २२ घाईघाईने बाजारात आणल्यासारखा होता. २४ मध्ये आयपीएलचे काही संघ आले ही चांगली गोष्ट. पण निळ्या जर्सीतला भारतीय संघ, खऱ्या नावांसकट? तो नाहीच.

आता मुद्द्यावर येतो. इतक्या चुका असूनही '०७' आजही का खेळला जातो? कारण तो उघडता येतो. त्याच्या फाइल्स बदलता येतात. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये, म्हणजे गेम आल्यानंतर. तरी या गेमला आयपीएलचे संघ आहेत, नव्या जर्स्या आहेत, आजच्या खेळाडूंची खरी नावं आहेत. हे कंपनीने केलेलं नाही. कॉलेजातल्या पोरांनी रात्री जागून केलं, कुणी पगार दिला नाही. देशी कल्पकता, जुगाड वगैरे शब्द आपण भाषणात वापरतो ना, ते हे. फक्त यांचा सत्कार कुणी केला नाही.

कंपनीने क्रिकेट का सोडलं? उत्तर तयार असतं: भारतात सगळे पायरेटेड सीडी वापरतात, धंदा काय करायचा? पायरसी होती, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या काळात आमच्यासारख्या गावात ओरिजिनल डिस्क मिळणारं दुकान दाखवा. माल पोचवायचा नाही आणि गिऱ्हाईक चोर म्हणायचं, हा कुठला न्याय?

आणि याच कंपनीने फुटबॉलचं काय केलं तेही बघा. फिफा मालिका १९९३ पासूनची. '९८ चा 'रोड टू वर्ल्ड कप' मला आजही त्या मालिकेतला सगळ्यात दिलदार गेम वाटतो. फिफाचे सदस्य असलेले सगळे देश त्यात घेतले होते, अगदी भारतासकट. आपण वर्ल्डकपला कधी गेलो नाही, पण गेममध्ये नेता यायचं. २००९ मध्ये या मालिकेत 'अल्टिमेट टीम' आलं. म्हणजे खेळाडू बंद पाकिटातून मिळणार. पाकीट खेळून कमवा किंवा पैसे देऊन घ्या. आत मेस्सी निघेल की राखीव बेंचवरचा कुणी, ते नशीब. त्यानंतर दरवर्षी नवा गेम, गेल्या वर्षीचा संघ तिथेच टाकून पुन्हा पहिल्यापासून पाकिटं. २०२३ मध्ये फिफाचं नाव गेलं, 'एफसी' झालं, पाकिटं राहिली. माझ्या दृष्टीने ती मालिका २००९ नंतर गेम कमी आणि दुकान जास्त आहे.

हे मी एकटा म्हणत नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये ही पाकिटं जुगारच आहेत असं ठरवलं आणि २०१९ च्या सुरुवातीला कंपनीला तिथे त्यासाठीचे पॉइंट विकणं बंद करावं लागलं. नेदरलँड्समध्ये एक कोटी युरोचा दंड झाला, तो २०२२ मध्ये तिथल्या वरच्या न्यायालयाने रद्द केला, हेही सांगायला हवं. म्हणजे वाद आहे. पण ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर २०१९ मध्ये कंपनीच्या प्रतिनिधीने काय सांगितलं? हा जुगार नाही, 'सरप्राइज मेकॅनिक्स' आहे, किंडर एगमध्ये खेळणं निघतं तसं. अहो, किंडरच्या अंड्यात चॉकलेट तरी नक्की असतं!

आता आपल्याकडे या. २०२० मध्ये आयपीएलचं नाव कुणाच्या नावावर लागलं? ड्रीम इलेव्हन. २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर कोण? तेच. ज्या संघाचं नाव एखाद्या साध्या गेममध्ये येत नाही, त्या संघाच्या छातीवर पैसे लावायचं ॲप होतं. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. एवढ्या पैशात खेळणाऱ्या बोर्डाला एक गेम बनवून घेणं, निदान परवाना परवडेल अशा अटींवर देणं, जड जाणार आहे का? जड जात नाही. त्यात झटपट पैसा नाही, एवढंच.

तालुका पातळीवर बातमीदारी करताना याचा परिणाम दिसतो. पतसंस्थेचं कर्ज काढून रमीत घातलेलं, आईच्या बचत गटाचे पैसे टीम लावण्यात गेलेले, सोन्याची चेन मोडलेली. असे फोन कायम येतात. आणि दुसऱ्या दिवशी हेडिंग काय असतं? 'ऑनलाइन गेमच्या नादात तरुण कर्जबाजारी'. कुठला गेम? त्यात चेंडू होता का, बॅट होती का? तो जुगार होता. मटक्याच्या बातमीत आपण 'आकड्यांचा खेळ' म्हणतो का? मटक्याला मटका म्हणतो. मग रमीच्या ॲपला गेम का म्हणायचं? कारण जाहिरातीत तसं लिहिलेलं असतं, आणि त्याच अंकात ती जाहिरात असते.

या शब्दाच्या घोळाचा पुढचा अंक गेल्या वर्षी विधान परिषदेत झाला. मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ फिरला. मी खेळत नव्हतो, जाहिरात आली होती, असं त्यांनी सांगितलं. कृषी खातं गेलं. मिळालं कुठलं? क्रीडा! यावर मी जास्त काही लिहीत नाही, लिहायची गरजही नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ॲपवर बंदी आली, जर्सीवरचं नाव आठवड्याभरात गेलं. चांगलं झालं, माझा पाठिंबा आहे. पण कायद्याच्या नावात 'नियमन'च्या आधी 'प्रोत्साहन' हा शब्द आहे. ई-स्पोर्ट्स आणि साध्या गेमना प्रोत्साहन द्यायचं, असं त्यात लिहिलंय. ते प्रोत्साहन कुठे दिसलं का तुम्हाला? मला दिसली ती फक्त बंदी, आणि घरोघरी नवा डायलॉग: 'सरकारनेच गेम बंद केलेत, ठेव तो मोबाइल.' जे पोरगं कुणाला एक रुपया न लावता संध्याकाळी तासभर क्रिकेट खेळतंय, तेही त्याच पंक्तीत बसलं.

आणि बंद पाकिटांचं काय? कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे. पाकिटातून रोकड निघत नाही, खेळाडू निघतो. तेव्हा हे जुगारात बसत नाही, असा युक्तिवाद कंपन्या करणारच. पण बारा वर्षांच्या मुलाच्या हातात वडिलांचा यूपीआय जोडलेला मोबाइल असेल, तर सवय तीच लागते. आज खेळाडूसाठी पाकीट, उद्या पैशासाठी पान.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत, आणि फार मोठ्या नाहीत.

एक, माझ्या व्यवसायबंधूंनो, जुगाराला जुगार लिहा. 'गेमिंग ॲप' हा शब्द जाहिरात विभागाचा आहे, बातमीचा नाही.

दोन, क्रिकेट बोर्डाने पुरुष आणि महिला दोन्ही भारतीय संघांचा गेमसाठीचा परवाना खुला करावा. पुण्या-चेन्नईत क्रिकेटचे मोबाइल गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांना काम येतं. अट एकच घाला: पूर्ण किंमत एकदाच घ्या, आत बंद पाकिटं नकोत.

तीन, पैसे घेऊन पाकीट विकणाऱ्या प्रत्येक गेमवर ते मोठ्या अक्षरात लिहायला लावा आणि अठरा वर्षांखालच्यांना ती विक्री बंद करा. सिगारेटच्या पाकिटावर चित्र छापता येतं, तर या पाकिटावर एक ओळ छापायला काय हरकत आहे?

ब्रॅडमन १४ पहिला की '०७' पहिला, यावर खाली खुशाल भांडा, मी हटणार नाही. पण भांडताना घरातल्या पोराच्या हातात काय चाललंय ते एकदा शेजारी बसून बघा. बॅट दिसली तर दोन ओव्हर तुम्हीही खेळा. पाकीट किंवा पत्ते दिसले, तर मात्र तिथेच थांबवा.