आपल्या छातीचा एक्स-रे आपल्याआधी परदेशात पोहोचतो

घरातला पहिला पदवीधर झालो की अख्ख्या वस्तीचे फॉर्म आपल्याकडे येतात. चुलत्याचं आधार, मावशीचं आभा कार्ड, शेजारच्या पोराचं आखातात जायचं मेडिकल. ते मोबाइल पुढे करतात, आपण भरतो, आणि शेवटी इंग्रजीतल्या लांबलचक मजकुराखाली 'मी सहमत आहे' वर बोट आपलंच पडतं. सहमती त्यांची, बोट आपलं. म्हणून हे आधी आपण आपसात बोललं पाहिजे.

रुग्णाची नोंद डिजिटल होईल, देशोदेशी सुरक्षित जाईल, कुठेही आजारी पडलात तरी डॉक्टरला सगळं दिसेल, असं सध्या सांगितलं जातं. कल्पना वाईट नाही. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांचा फॅमिली डॉक्टर आहे त्यांच्यापेक्षा, केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या आपल्या लोकांना तिची गरज जास्त आहे. माझा विरोध नोंदीला नाही. माझा प्रश्न 'सुरक्षित' या शब्दाला आहे. सुरक्षित कोणापासून?

तंत्रज्ञ सांगतात, चोरापासून. चोर खरेच आहेत. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि ते सरकारी रुग्णालय कित्येक दिवस कागदावर चाललं. पण एन्क्रिप्शन फक्त वाटेवरच्या चोराला थांबवतं. पाकीट उघडणारा अधिकृत माणूसच त्यातला मजकूर तुमच्याविरुद्ध वापरणार असेल, तर कुलूप काय कामाचं? आपल्याला पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर अडवणारा चोर नव्हता. तो अधिकृतच होता.

उदाहरण दूर शोधायला नको. तेलंगणातल्या करीमनगरहून, बिहारच्या सिवानहून, केरळच्या मलप्पुरमहून, आपल्या रत्नागिरीहून कामगार आखातात जातो. त्याआधी मान्यताप्राप्त केंद्रात त्याची तपासणी होते: रक्त, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, छातीचा एक्स-रे. निकाल 'वाफिद' या ऑनलाइन प्रणालीत चढतो. फिट किंवा अनफिट. माणूस गावातच असतो, त्याची छाती सीमेपलीकडे पोहोचलेली असते. पूर्वी होऊन बरा झालेल्या टीबीचे व्रणही 'अनफिट' ठरवायला पुरत आले आहेत. टीबी कुणाला होतो? एका खोलीत आठ जण झोपणाऱ्याला, दगड फोडणाऱ्याला, पोटभर न जेवणाऱ्याला. म्हणजे पिढ्यांच्या जातीने फुफ्फुसावर जे लिहिलं, तेच एक्स-रेत वाचून त्याला परत पाठवायचं. एजंटकडे भरलेलं कर्ज मात्र त्याच्याच नावावर राहतं. यात काहीही चोरीला गेलेलं नाही. सगळं नियमाप्रमाणे झालं आहे.

आता जातीकडे येऊ. गावातली नर्स गरोदर बाईची जी आरसीएच नोंदवही भरते, तिच्यात जातीचा रकाना आहे. तो असायलाच हवा. आपल्या किती बाया बाळंतपणात मरतात हे मोजल्याशिवाय सरकारला जाब कसा विचारणार? आपण जातनिहाय जनगणनेची मागणी केली तीही याचसाठी. पण मोजणी वेगळी आणि शिक्का वेगळा. मोजणीत जात आकडा म्हणून येते आणि सत्तेला प्रश्न विचारते. शिक्क्यात ती एका माणसाच्या नावापुढे बसते आणि त्याच्याबरोबर दवाखान्यातून दवाखान्यात फिरते. पहिली हवी, दुसरा नको.

कायदा हा फरक करतो का? 2019 च्या विदा संरक्षण विधेयकात आरोग्य, जनुकीय माहिती आणि जात-जमात 'संवेदनशील' वर्गात होती. ती बाहेर पाठवायला स्पष्ट संमती लागणार होती आणि तिची प्रत भारतात ठेवावी लागणार होती. 2023 च्या कायद्यातून तो वर्गच गायब झाला. सरकार ज्या देशांवर बंदी घालेल ते सोडून माहिती कुठेही जाऊ शकते. माहिती फुटली तर कंपनीला 250 कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचा आजार चव्हाट्यावर आला त्याला या कायद्यात भरपाई नाही. उलट त्याची तक्रार 'खोटी' किंवा 'क्षुल्लक' ठरली, तर त्यालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड!

हे अटळ आहे असं कुणी म्हणेल, तर त्याला युरोप दाखवा. युरोपीय संघाचा आरोग्य विदा नियम 26 मार्च 2025 पासून लागू झाला असून टप्प्याटप्प्याने अमलात येतो आहे. तो पूर्ण अमलात आला की आपली नोंद कुणी उघडली हे तिथला रुग्ण पाहू शकेल, तिचा काही भाग झाकू शकेल, चूक दुरुस्त करून मागू शकेल, आणि संशोधनासाठी किंवा धोरणासाठी आपली माहिती वापरू नका असं सांगू शकेल. युरोप काही पुण्यवान नाही. पण तिथे हे हक्क कायद्यात लिहिले गेले, आणि सीमेपलीकडे जाणारी नोंद थांबली नाही.

मग आपली मागणी साधी आहे. नोंद उघडणाऱ्याचं नाव आणि वेळ रुग्णाला त्याच्या भाषेत कळली पाहिजे. उपचाराला लागतो तेवढाच भाग पुढे जावा. जात आणि योजनेचा प्रवर्ग त्यात नसावा. 'अनफिट' म्हटलं तर कारण लेखी मिळावं, फेरतपासणी मिळावी आणि दाद मागायला भारतात जागा असावी. नुकसान झालं तर भरपाई थेट माणसाच्या हातात यावी.

हे होईपर्यंत एक काम आपल्या बोटाखाली आहे. पुढच्या वेळी मावशी मोबाइल पुढे करेल तेव्हा 'मी सहमत आहे' दाबायच्या आधी थांबा. काय जाणार आहे, कुणाकडे जाणार आहे, नाही म्हटलं तर काय होईल, हे तिला तिच्या बोलीत सांगा. नंतर तिला विचारा. ती नाही म्हणाली, तर बोट मागे घ्या.

जय भीम.