गिटारचा टोन शोधताना कान गमावू नका

इलेक्ट्रिक गिटार शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण सुरुवातीला 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवून पाहतो. डीप पर्पल या ब्रिटिश बँडचे हे गाणे १९७२ च्या 'मशीन हेड' या अल्बममधले. त्यातली प्रसिद्ध धून बोटांत बसायला दोन-चार दिवस पुरतात. तरीही ती रेकॉर्डसारखी ऐकू येत नाही. मग 'टोन'चा शोध सुरू होतो. नवे पेडल येते, गेन वाढतो आणि अँपचा व्हॉल्यूम रोज थोडा वर जातो. पेडलने फक्त खिसा रिकामा होतो, व्हॉल्यूमची किंमत मात्र कानाला मोजावी लागते.

व्हॉल्यूम वाढवला की टोन सुधारल्यासारखा का वाटतो? फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच दाखवून दिले की, आवाज लहान असताना कानाला खर्जाचे सूर फार कमी जाणवतात. म्हणून हळू वाजवलेली गिटार पातळ वाटते आणि मोठी केली की भरदार. दोन आवाजांची तुलना करताना किंचित मोठा असलेलाच आपल्याला 'चांगला' वाटतो. हा कानाचा स्वभाव आहे, टोन त्याने जुळत नाही.

आता नुकसानीकडे पाहू. आतल्या कानात जन्मतः सुमारे १५ हजार केशपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. आवाजामुळे येणारा बहिरेपणा सहसा ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सुरू होतो. गिटारची धार, तिचा 'चावा', याच भागात बऱ्याच अंशी असतो. तासभर जोरात वाजवल्यावर कान तात्पुरता मंदावतो, धार कमी वाटते, म्हणून ट्रेबल वाढवला जातो आणि कानावरचा मारा आणखी वाढतो. ज्या कानाने टोन जुळवायचा, तोच असा बोथट होत जातो.

सुरक्षिततेचा हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही साधारण मर्यादा मानली जाते आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. ड्रमसह सराव चालणाऱ्या बंद खोलीत ही पातळी सहज गाठली जाते.

याच डीप पर्पलची १९७२ च्या लंडनमधील कार्यक्रमासाठी 'सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड' म्हणून गिनीज बुकात ११७ डेसिबलची नोंद झाली होती. श्रवणहानीला उत्तेजन नको, म्हणून गिनीजने पुढे हा विक्रमच बंद केला. 'द हू'चे पीट टाउनशेंड आपल्या श्रवणहानीबद्दल आणि कानातल्या गुंजनाबद्दल अनेकदा उघडपणे बोलले आहेत. एसी/डीसीचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये बहिरेपणाच्या धोक्यामुळे दौरा अर्धवट सोडावा लागला.

'पण तो टोन मोठ्या आवाजातूनच आला होता,' असा युक्तिवाद केला जातो. तो काही अंशी खरा आहे. त्या काळचे व्हॉल्व्हचे अँप पूर्ण ताकदीने चालवल्यावरच हवे तसे फाटत. पण आज मास्टर व्हॉल्यूम असलेले किंवा डिजिटल अँप तोच फाटलेला आवाज हळू पातळीवर देतात. शिवाय या गाण्याची खरी मेख हातात आहे. रिची ब्लॅकमोर यांनी ही धून षड्ज-मध्यम अंतराच्या जोड्यांत, दोन तारा बोटांनी एकदम छेडून वाजवली आहे. बहुतेक शिकाऊ ती षड्ज-पंचमाच्या जोड्यांत, पिकने वाजवतात. व्हॉल्यूम कितीही वाढवला तरी हा फरक भरून निघणार नाही.

टोन जुळवण्याचे काम ताज्या कानाने, सरावाच्या सुरुवातीला करावे. मूळ गाणे आणि गिटार एकाच पातळीवर ठेवून तुलना करावी, शेजारी साधे बोलणे ऐकू येईल इतक्या आवाजात. जमिनीवरचा अँप पायांकडे वाजतो, कानाला धार कमी पोहोचते आणि ट्रेबल उगाच वाढतो; तो तिरका किंवा स्टुलावर ठेवावा. बँडसोबत वाजवताना संगीतकारांसाठीचे इअरप्लग घालावेत, कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत.

गणेशोत्सवातल्या डीजेवर आपल्याकडे दरवर्षी चर्चा होते, पण वर्षभर बंद खोलीत वाजणाऱ्या अँपकडे कोणाचे लक्ष जात नाही. गिटार शिकवणाऱ्यांनी पहिल्या कॉर्डबरोबर डेसिबलचा हा हिशेबही शिकवायला हवा. सरावानंतर कानात शिटी वाजणे किंवा दडे बसणे ही धोक्याची सूचना आहे. ते दुसऱ्या दिवशीही राहिले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक उपयोगी पडतात.