धूम्रपान? नाही. आणि मिश्री?

अमेरिकेतल्या आरोग्य पाहण्या वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत, की बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांत दारू, सिगारेट आणि अमली पदार्थांचं प्रमाण तिथंच जन्मलेल्यांपेक्षा कमी असतं. हे ऐकून आपल्या महाराष्ट्र मंडळांना हायसं वाटतं. मला वाटत नाही.

१. मुक्काम लांबला, पुढची पिढी आली, की हे अंतर घटतं. हेही त्याच पाहण्या सांगतात.

२. मुळात प्रश्नच चुकतो. दवाखान्याच्या फॉर्मवर विचारतात, धूम्रपान करता का? लेकाकडे राहायला आलेली आजी ‘नाही’ म्हणते, आणि ते खरंच असतं. सकाळची तंबाखूची मिश्री तिच्या लेखी दात घासण्यात जमा. चुना लावून मळलेली चिमूट, तपकीर, गुटखा यांची नावं फॉर्मवर नसतातच. नुसत्या सुपारीला तर कुणी व्यसनही म्हणत नाही. पण तंबाखूशिवायही ती कर्करोगाला कारण ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 च्या अहवालात दिला आहे. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ संस्थेने 2012 साली दक्षिण आशियाई लोकांसाठी वेगळी मार्गदर्शिकाच काढली: पदार्थाचं नाव लोकांच्या तोंडचं घ्या, गरज पडली तर चित्र दाखवा. किती साधी गोष्ट! आपल्यातले एवढे डॉक्टर अमेरिकेत आहेत. त्यांनी निदान आपल्या दवाखान्यात मिश्रीला मिश्री म्हणावं.

३. व्यसन उघड झालं तर व्हिसा जाईल, ही भीती खोटी नाही. पिऊन गाडी चालवताना अटक झाली, तर गुन्हा शाबीत होण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. कॅलिफोर्नियात गांजा दुकानात मिळतो, पण केंद्राच्या कायद्याने तो गुन्हाच. नागरिकत्वाचा अर्ज त्यावर अडू शकतो, हे 2019 मध्ये सरकारने स्पष्टच केलं. नव्या मुलांना हे कुणी सांगत नाही. उलट, व्यसनमुक्ती उपचारांच्या नोंदी रुग्णाच्या संमतीशिवाय सहसा उघड करता येत नाहीत, असा केंद्राचाच कायदा आहे. तेही कुणी सांगत नाही, म्हणून माणूस उपचारालाच जात नाही.

४. उरली लाज. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांशीही बोलतं. अमेरिकेत बायको एकटीच बेसमेंटमधल्या बाटल्या मोजत बसते.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनो, यंदा दिवाळीच्या कार्यक्रमात अर्धा तास एका डॉक्टरला आणि एका वकिलाला द्या. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, बिननावाचे.